‘कर्ण’चा रफार रेघेत अडकतो तेव्हा

आमच्या शाळेच्या गणिताच्या पानांवर तळाशी एक इंग्रजी चौकट उमटायची. तिचा मथितार्थ असा: संगणकावरचे किंवा वेबवरचे फॉन्ट मिळाले नाहीत, म्हणून चित्रांचे फॉन्ट वापरतो आहोत, पान नेहमीपेक्षा हळू उमटेल आणि छापताना प्रिंटरच्या पूर्ण ताकदीनं गणित उमटेलच असं नाही. काही सेकंदांनी ती चौकट आपोआप विरून जायची. विरून जायची म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नव्हतं.

मी नाशिकमध्ये मराठी माध्यमाच्या दहावीला गणित शिकवते. सरावपत्रिका आम्ही वेब पानांवर ठेवतो, कारण मुलांच्या हातात संध्याकाळी फोन येतो, तोही बहुधा वडील कामावरून परतल्यावर. फोनवर वाचता यायला हवं, आणि ज्याला कागदावर सोडवायचं आहे त्याला छापून घेता यायला हवं. ही पानं एका जुन्या सहकाऱ्यांनी मॅथजॅक्सच्या, म्हणजे वेब पानावर गणित उमटवणाऱ्या एका साधनाच्या, दुसऱ्या आवृत्तीवर उभी केली होती. ते बदली होऊन गेले आणि पानं माझ्याकडे आली.

मी या कामाला हात घातला तो २२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी. त्या दिवशी मुलांना कापरेकरांवरची पत्रिका द्यायची होती. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे, १९३० ते १९६२. जगभरचे गणिती ज्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात तो ६१७४ हा आकडा आमच्यापासून काही मैलांवर राहणाऱ्या एका शाळामास्तरानं जगाला दिला, हे आमच्या मुलांना ठाऊक असलंच पाहिजे असं मला वाटतं. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमानं ५४३२, चढत्या क्रमानं २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येता. मागच्या पानावर दहावीची उजळणी होती: वर्गसमीकरणाचं सूत्र, मध्यक, त्रिकोणमितीची गुणोत्तरं.

रविवार कारंजाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात पहिली प्रत काढली. कापरेकरांची बाजू ठीक होती. मागच्या बाजूला वर्गमूळाचं चिन्ह पायऱ्यापायऱ्यांचं, कंसांच्या कडा कुरतडल्यासारख्या, आणि घातांकातला दोन इतका पुसट की मागच्या बाकावरचा मुलगा तो वाचूच शकला नसता. दुकानातले काका म्हणाले, "मॅडम, टोनर नवा आहे हो. तुमच्या फाइलमध्येच काहीतरी आहे." त्यांचं बरोबर होतं. चौकट जे सांगत होती तेच कागदावर उतरलं होतं.

इथे थोडं मागे जावं लागेल. साधा मजकूर कुठल्याही फॉन्टात चालून जातो, गणित चालत नाही. वर्गमूळाचं चिन्ह आतल्या पदावलीनुसार वाढावं लागतं, कंस अपूर्णांकाच्या उंचीचा व्हावा लागतो. हे वाढणं म्हणजे एकच अक्षर ताणणं नव्हे. ताणलं तर रेघही जाड होते. त्यासाठी फॉन्टात त्याच चिन्हाचे लहानमोठे आकार असतात, आणि त्याहून मोठं हवं असेल तर वरचा तुकडा, खालचा तुकडा आणि मधला जोडतुकडा असतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी १९७८ च्या सुमारास टेक हे गणिताची अक्षरजुळणी करणारं साधन तयार केलं, त्याच्यासोबत कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्ट घडवले आणि प्रत्येक चिन्हाची उंची, खोली, रुंदी मोजून ठेवली. ब्राउझरमध्ये गणित दाखवणारी आजची साधनं त्याच मापांवर उभी आहेत. फॉन्ट मिळालाच नाही तर मॅथजॅक्सची जुनी आवृत्ती प्रत्येक चिन्हाचं छोटं चित्र लावायची, रबरी शिक्के मारत जावेत तशी. पडद्यावर ते निभावतं. प्रिंटर मात्र इंचाला ६०० ठिपके मागतो आणि चित्राकडे तेवढे ठिपके नसतात.

शाळेत मी हे बोलले तेव्हा बहुतेकांचा सल्ला एकच: "ती चौकट बंद करून टाका ना." बंद करणं सोपंही होतं. ती आपोआप येतच नाही. पान बनवणाऱ्यानं मुद्दाम एक जोडणी घातली तरच येते. एक ओळ काढली की झालं. पण ज्यानं ती घातली त्यानं पुढच्या माणसासाठी घातली होती, आणि तो पुढचा माणूस मी होते. इशारा काढल्यानं वर्गमूळ गुळगुळीत होणार नव्हतं. फक्त ते खडबडीत का आहे हे सांगणारं कुणी उरलं नसतं.

म्हणून कारणाच्या मागे लागले. क्रोममध्ये एफ बारा दाबलं की विकासकांसाठीची खिडकी उघडते, तिच्यातला कन्सोल, म्हणजे ब्राउझरच्या तक्रारींची यादी, पाहिला. तिथे फॉन्ट उतरवला पण उलगडता आला नाही अशी पिवळी ओळ होती, आणि तिच्याखाली दुसरी: फॉन्टची आवृत्ती चुकीची, १००८८१३१३५. माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "मॅडम, हा आकडा सोळाच्या पायात लिहा आणि दोन-दोन अंकांचे गट पाडा."

फळ्यावरच केलं. पायाबदल हा माझ्या आवडीचा विषय. चार गट पडले: पहिल्याचं मूल्य ६०, दुसऱ्याचं ३३, तिसऱ्याचं ६८, चौथ्याचं ७९. अक्षरांच्या सांकेतिक तक्त्यात ६० म्हणजे डावा कोनकंस, ३३ म्हणजे उद्गारचिन्ह, ६८ म्हणजे डी, ७९ म्हणजे ओ. कोनकंस, उद्गारचिन्ह, डी, ओ: कुठल्याही वेब पानाच्या सुरुवातीला ‘डॉकटाइप’ची जी घोषणा असते तिची पहिली चार अक्षरं! म्हणजे ब्राउझरनं फॉन्टची फाइल मागितली आणि सर्व्हरनं तिच्याऐवजी एक वेब पान हातात ठेवलं. ब्राउझर बिचारा त्या पानाची पहिली चार अक्षरं फॉन्टची आवृत्ती समजून वाचत होता. त्या दिवशी दहावीचा तास पाच मिनिटं उशिरा सुरू झाला, पण मुलांनाही मी हे गणित करायला लावलं. पायाबदल कशासाठी शिकायचा, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढचा उलगडा झटपट झाला. आमची पानं जिथे ठेवली होती तो सर्व्हर जुना होता. वॉफ हा वेबवरच्या फॉन्टांचा फाइलप्रकार त्याच्या यादीत नव्हता. यादीत नसलेलं काही मागितलं की तो ‘पान सापडलं नाही’चं पान पाठवायचा, आणि वर सगळं ठीक असल्याची खूणही द्यायचा. चित्रांच्या फाइली त्याला ओळखीच्या होत्या, म्हणून चित्रांचे फॉन्ट मात्र बिनबोभाट पोचत होते. यादीत दोन प्रकार वाढवून घेतले आणि चौकटीतला मजकूर आपोआप बदलला. आता ती म्हणू लागली की वेबवरचे फॉन्ट वापरतो आहोत, ते उतरवायला वेळ लागतो, संगणकावर फॉन्ट बसवले तर पान लवकर उमटेल. हा दुसरा इशारा काळजीचा नाही. झेरॉक्सच्या दुकानात परत गेले, वर्गमूळ स्वच्छ आलं.

फॉन्ट दुसऱ्याच संकेतस्थळावरून आणत असाल तर याच जागी वेगळी ओळ दिसेल. तिथल्या सर्व्हरनं ‘इतरांनी वापरले तरी चालतील’ असं स्पष्ट सांगितलेलं नसेल तर ब्राउझर फॉन्ट अडवतो. त्यावर उपाय म्हणजे फॉन्ट आपल्याच पानाशेजारी ठेवणं. आणि पेनड्राइव्हवरून पान उघडणाऱ्यांसाठी: फायरफॉक्सच्या ६८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, संगणकावरची प्रत्येक फाइल परकी मानली जाते, त्यामुळे शेजारच्याच फोल्डरमधला फॉन्टही अडतो. अशा वेळी मी सरळ पीडीएफ देते.

सर्व्हर सुधारला तरी जुन्या आवृत्तीवर किती दिवस काढायचे हा प्रश्न होताच. आमच्या काही पानांत मॅथजॅक्सच्या जुन्या वितरण-सर्व्हरचा पत्ता होता आणि तो सर्व्हर ३० एप्रिल २०१७ लाच बंद झाला आहे. तिसऱ्या आवृत्तीत चित्रांचे फॉन्टही राहिले नाहीत. मी पानं केटेकवर नेली. खान अकादमीनं २०१४ मध्ये काढलेलं हे साधन जुन्या फोनवर भराभर चालतं, आणि आमच्या मुलांकडे जुनेच फोन आहेत.

खरा अनुभव इथून पुढे सुरू होतो, कारण आता प्रश्न देवनागरीचा होता.

दहावीच्या मुलाला साइन थीटा शिकवताना आपण वर ‘संमुख बाजू’ आणि खाली ‘कर्ण’ लिहितो. केटेकमध्ये ते तसंच लिहिलं तर कन्सोलमध्ये इशारा येतो की गणिताच्या अवस्थेत मजकुराचं अक्षर वापरलं आहे. त्याचं म्हणणं रास्त आहे. मराठी शब्द हे चल नव्हेत, ते मजकूर म्हणून वेगळ्या वेष्टनात घालायला हवेत. तसं केलं, इशारा गेला, पडद्यावर सगळं सुरेख दिसलं. छापून पाहिलं तर ‘संमुख’मधल्या ‘मु’चा उकार आणि ‘बाजू’चा ऊकार अपूर्णांकाच्या रेघेवर टेकले होते, आणि खालच्या ‘कर्ण’चा रफार त्याच रेघेत खालून घुसला होता. कागदावर ‘कर्ण’ चक्क ‘कण’ वाचला जात होता. भूमितीच्या पेपरात कर्णाचा कण होणं मला सहन होण्यासारखं नाही.

याचं कारण केटेकच्या उघड्या आज्ञावलीतच सापडतं. त्याच्याकडे स्वतःच्या फॉन्टमधल्या प्रत्येक चिन्हाची मापं आहेत, देवनागरीची नाहीत. देवनागरी अक्षर मजकुरात आलं की तो इंग्रजी मोठ्या ‘एम’ची मापं उसनी घेतो. ‘एम’ बेसलाइनवर, म्हणजे अक्षरांच्या पायाच्या रेघेवर, सपाट उभा राहतो, खाली काही लोंबत नाही, वर काही चढत नाही. आपल्याकडे खाली उकार, ऊकार, ऋकार. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. या सगळ्याला त्याच्या हिशेबात जागाच नाही. बारीक अक्षरात पडद्यावर टक्कर कळत नाही, आणि या वेळी कन्सोल पूर्ण शांत असतो. मला सगळ्यात जास्त त्रास या शांततेचा झाला. रुपयाच्या चिन्हाबद्दल तो ओरडतो: अनोळखी चिन्ह, क्रमांक ८३७७, मापं उपलब्ध नाहीत, आणि उंची शून्य धरतो. ‘अर्थनियोजन’ धड्याच्या पत्रिकेत या ओळींनी कन्सोल भरून गेला होता, पण चिन्हाशेजारच्या आकड्यांना उंची असल्यामुळे कागदावर काही बिघडलं नव्हतं. तरी चिन्ह सूत्राबाहेर काढलं, कारण बिनकामाच्या ओळींच्या गर्दीत कामाची ओळ हरवते.

उकार-रफारावर उपाय म्हणजे अंशात आणि छेदात एक अदृश्य पट्टी उभी करायची. लाटेकमध्ये, म्हणजे केटेकला सूत्रं ज्या भाषेत लिहून देतो तिच्यात, ‘रूल’ नावाची आज्ञा आहे. तिला रुंदी शून्य द्यायची, पण बेसलाइनच्या खाली अक्षराच्या आकाराच्या चार दशांश आणि वर एक पूर्णांक एक दशांश अशी जागा द्यायची. कागदावर काही दिसत नाही, पण केटेक ती जागा मोजतो आणि रेघ सरकवतो. मी त्यासाठी एक छोटी संक्षिप्त आज्ञा करून ठेवली, मराठी मजकुराचं प्रत्येक वेष्टन तीच घालते. ‘कर्ण’चा रफार सुटला, उकार मोकळे झाले. ज्यांना गणितात मराठी शब्द वापरायचे आहेत त्यांनी निदान ‘संमुख’, ‘कर्ण’ आणि ‘मूळ’ हे तीन शब्द अपूर्णांकात वर-खाली घालून एकदा छापून पाहावेत.

दुसरी गोष्ट अक्षरवळणाची. केटेक देवनागरीला स्वतःचा फॉन्ट देत नाही; ब्राउझरला जो सापडेल तो लागतो. एका पालकांच्या फोनवर ‘लगतची बाजू’मधला ल हिंदी वळणाचा आला आणि त्याच पानावर बाहेरच्या मजकुरातला ल पाकळीचा. राज्य शासनानं २००९ मध्ये मराठी वर्णमालेचं वळण ठरवून दिलं आहे, मुलं पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवून मोठी होतात. एकाच ओळीत दोन तऱ्हेचे ल त्यांना दाखवू नयेत. सुदैवानं केटेक अशा अक्षरांवर एक वर्गनाम चिकटवतो, ‘ब्राह्मिक फॉलबॅक’ या अर्थाचं. त्या नावानं पानाचं रूप ठरवणाऱ्या शैलीपत्रकात टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट लावला, फॉन्टची फाइल शेजारी ठेवली, आणि पानाची भाषा मराठी असल्याचं पानाच्या सुरुवातीलाच नोंदवलं. ही शेवटची नोंद बहुतेक मराठी पानांवर राहून गेलेली असते. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं आहेत तो याच नोंदीवरून वळण निवडतो.

छपाईत आणखी एक गाठ होती आणि ती सुटायला वेळ लागला. पत्रिकेची उत्तरं पडद्यावर लपवलेली असतात, छापतानाच शेवटी येतात. पत्रिकेचा भाग उत्तम छापला जायचा आणि उत्तरांत मध्यकाच्या सूत्राचे मोठे कंस इवलेसे व्हायचे, मोठ्या अपूर्णांकाच्या मधोमध चिकटलेले. त्याच फॉन्टचे कंस दुसऱ्या पानांवर नीट येत होते, मग इथेच का नाही? ब्राउझर फॉन्ट लागेल तसाच उतरवतो. पूर्ण लपवलेल्या भागात काय आहे हे तो बघत नाही. मोठ्या कंसांचा वेगळा फॉन्ट फक्त उत्तरांत लागत होता, त्यामुळे पान उघडल्यावर तो कधी मागवलाच जायचा नाही. छपाईची आज्ञा येताच उत्तरं उघडी व्हायची, फॉन्ट हाताशी नसायचा आणि नेहमीच्या फॉन्टमधला साधा कंस तिथे बसायचा. दुसऱ्यांदा छापलं तर कधीकधी बरोबर यायचं, म्हणून संशय प्रिंटरवर जायचा. मग पानावरच्या ‘छापा’ बटणाला सांगितलं की आधी मोठ्या आकारांचे फॉन्ट मागव, सगळे फॉन्ट तयार असल्याची ब्राउझरची खूण मिळू दे, त्यानंतरच छपाईची खिडकी उघड.

अपूर्णांकाच्या रेघा पुसट येण्यावर केटेकमध्ये तयार सोय आहे. रेघेची नेहमीची जाडी अक्षराच्या आकाराच्या ०.०४ पट असते. किमान जाडी ०.०६ ठेवली की स्वस्त प्रिंटरवरही रेघ तुटत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये क्रोमच्या १०९ व्या आवृत्तीपासून मॅथएमएल, म्हणजे वेब पानात गणित लिहिण्याची भाषा, थेट ब्राउझरमध्येच उमटतं, मधल्या साधनाची गरज नाही. मी काही पानं तशी करून पाहिली. मराठी मजकुराची उंची तिथे ब्राउझर स्वतः मोजतो, हे मला फार पटलं. पण गणिताचा फॉन्ट संगणकात असावा लागतो किंवा पानासोबत द्यावा लागतो. विंडोजवर कॅम्ब्रिया मॅथ असतो. जिथे असा फॉन्ट नाही तिथे कंस आणि मूळचिन्हं पुन्हा ओबडधोबड होतात, आणि या खेपेला इशारा देणारी चौकटही नसते. लॅटिन मॉडर्न मॅथ किंवा स्टिक्स टू यांपैकी एक फॉन्ट सोबत जोडला तर हा मार्ग चांगला आहे, आणि पुढच्या वर्षीच्या पत्रिका मी तशाच करणार आहे.

पीडीएफ बनवल्यावर ती रीडरमध्ये उघडून फाइलच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी बघते. प्रत्येक नावापुढे तो फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत असल्याची नोंद हवी. एखाद्यापुढे ती नसेल तर दुकानातल्या संगणकावर दुसराच फॉन्ट लागणार हे नक्की, मग ती फाइल मी देत नाही.

आता प्रत्येक पत्रिकेच्या आधी एक चाचणीचं पान छापते. त्यावर वर्गसमीकरणाचं पूर्ण सूत्र आहे, मध्यकाचं सूत्र आहे, संमुख बाजू भागिले कर्ण आहे, मुळात मूळ आहे, आणि ‘लगतची बाजू’ दोनदा आहे, एकदा सूत्रात आणि एकदा बाहेर. मुलांना त्यातलं काय तपासायचं ते शिकवलं आहे. गेल्या खेपेला आठवीतल्या एका मुलीनं तिसऱ्या घातांकातला पुसट अंक माझ्याआधी पकडला. दुकानातले काका ते पान आधी काढून मला दाखवतात आणि मी ‘चालेल’ म्हटल्यावरच उरलेल्या प्रती काढतात.